गुलबर्ग्याचा मनोरा आणि फुकटचे क्रिकेट

कर्नाटकात दूरचित्रवाणी आली ती गुलबर्ग्यातून. राजधानी बंगळूरला तिची वाट आणखी काही वर्षे पाहावी लागली. तुरीच्या कोरडवाहू मुलखात, निजामाच्या जुन्या हद्दीत, जिथे कन्नड, मराठी, तेलुगू आणि दखनी या चारही बोली एकाच बाजारात ऐकू येतात, तिथे राज्यातला पहिला पडदा उजळला. हे मुद्दाम घडवून आणलेले होते.

अमेरिकेच्या नासाने आपला एटीएस-6 हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला दिला. 1 ऑगस्ट 1975 पासून इस्रो आणि त्या वेळी आकाशवाणीचाच भाग असलेले दूरदर्शन यांनी मिळून सहा राज्यांतल्या वीस जिल्ह्यांत, सुमारे 2400 गावांत सामुदायिक टीव्ही चालवले. प्रयोगाचे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव ‘साईट’. कर्नाटकातून विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे तीन जिल्हे निवडले गेले, कारण ते मागास होते. शेजारचा बिदर त्या यादीत नव्हता. शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीवर जाळीची दहा फुटी छत्री, आत एक संच. सकाळी दीड तास मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी : शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, हिंदीतून बातम्या, बाकीचे बरेचसे कन्नडमधून. बघायला पैसे लागत नव्हते. कुणी मागणीही केली नव्हती. सरकारने टीव्ही दारात आणून ठेवला होता.

31 जुलै 1976 ला वर्ष संपले आणि उपग्रह परत गेला. गावांतले पडदे काळे पडू नयेत म्हणून 1977 मध्ये काही ठिकाणी जमिनीवरचे प्रक्षेपण मनोरे उभारले गेले : जयपूर, हैदराबाद, रायपूर, मुझफ्फरपूर, संबलपूर आणि गुलबर्गा. बंगळूरचे केंद्र 1981 चे. पुढची पंचेचाळीस वर्षे या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या माणसाने क्रिकेट कसे पाहिले, किती पैशांत पाहिले आणि केव्हा पाहू शकला नाही, हे समजून घ्यायचे तर या मनोऱ्यापासूनच सुरुवात करावी लागते.

टीव्ही अगदीच फुकट होता असे मात्र म्हणता येणार नाही. घरी संच असेल तर वर्षाला परवाना शुल्क भरावे लागे. ते 1980 च्या दशकात रद्द झाले. पण सामन्यासाठी म्हणून वेगळे पैसे मोजायची कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती.

1982 च्या दिल्ली एशियाडने रंगीत टीव्ही आणला. इन्सॅट मालिकेतले उपग्रह आले आणि सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत कमी शक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने बसवले. 25 जून 1983 रोजी लॉर्ड्सवर भारताने 183 धावा करून वेस्ट इंडीजला 140 मध्ये गुंडाळले, तेव्हा हे जाळे अजून विणले जात होते. 1987 मध्ये विश्वचषक भारत-पाकिस्तानात आला तोवर छोट्या शहरांत गच्चीवर अँटेना दिसणे नेहमीचे झाले होते. पडद्यावर मुंग्या आल्या की एकाने वर चढून दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं’ म्हणून ओरडायचे. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या मराठी बोलणाऱ्या तालुक्यांत क्रिकेटचे प्रेम दुहेरी होते. गावसकर आपला, कारण मुंबईचा; विश्वनाथही आपला, कारण राज्याचा. विश्वनाथ गावसकरांच्या बहिणीचा नवरा, म्हणजे सोयरीकही जुळलेली. सीमेवरच्या माणसाला याहून सोयीचा संघ कुठला मिळणार?

या काळात दूरदर्शन आणि क्रिकेट मंडळ यांचे नाते आज ऐकून खरे वाटणार नाही असे होते. टीव्हीवर सामना दिसणे म्हणजे मंडळावर उपकार, अशी दूरदर्शनची समजूत होती. पैसे मिळायचे ते मैदानावरच्या तिकिटांतून. नोव्हेंबर 1991 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ वर्णद्वेषामुळे लादलेल्या दीर्घ बहिष्कारानंतर भारतात आला आणि ते सामने आपल्या देशात दाखवण्याच्या हक्काची किंमत काय, असे तिकडून विचारले गेले. मंडळाकडे उत्तर तयार नव्हते. त्या प्रश्नाने डोळे उघडले, असे त्या काळच्या पदाधिकाऱ्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. मंडळाच्या जगमोहन दालमिया आणि इंदरजितसिंग बिंद्रा या दोघांनी तो धडा पक्का गिरवला. 1993 च्या सुरुवातीला इंग्लंडचा संघ आला तेव्हा प्रक्षेपणाचे हक्क मंडळाने ट्रान्सवर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला विकले, आणि आपल्याच देशातले सामने दूरदर्शनला तिच्याकडून विकत घ्यावे लागले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बंगाल क्रिकेट संघटनेने हिरो चषक भरवला, आणि इथे ठिणगी पडली. संघटनेने हक्क पुन्हा ट्रान्सवर्ल्डला दिले. दूरदर्शनचे म्हणणे असे की आम्ही पैसे देणार नाही. उलट सामने दाखवायचे तर तांत्रिक खर्चापोटी दर सामन्याला 5 लाख रुपये संघटनेनेच आम्हाला द्यावेत. सरकारने 1885 चा तार कायदा पुढे केला : या देशातून संकेत आकाशात पाठवण्याचा अधिकार फक्त शासनाचा. परदेशी कंपनीची उपकरणे कस्टम्सने अडवली. प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. स्पर्धा सुरू असतानाच अंतरिम आदेश निघाले, उपकरणे सुटली आणि चित्र दिसू लागले. 24 नोव्हेंबरच्या रात्री ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या. चेंडू तेंडुलकरच्या हाती दिला गेला, त्याने तीनच धावा दिल्या आणि भारत दोन धावांनी जिंकला. तीन दिवसांनी अंतिम सामन्यात कुंबळेने 12 धावांत 6 बळी घेतले. एक मुंबईचा, एक बंगळूरचा : सीमाभागाला तो आठवडा जपून ठेवावा असाच होता.

खटल्याचा अंतिम निकाल 9 फेब्रुवारी 1995 ला लागला. खंडपीठात न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी होते. निकालाचे सार असे : वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, आणि तिचे नियमन करायला सरकारने स्वायत्त प्राधिकरण नेमावे. मराठी वाचकाला न्या. सावंत ठाऊक आहेत ते सामाजिक प्रश्नांवर ठाम बोलणारे न्यायाधीश म्हणून. या निकालामागेही नागरिकाचा माहिती मिळवण्याचा हक्क हाच विचार होता. सरकारच्या मुठीतून आकाश सुटले ते योग्यच झाले, असे मला वाटते. पण खटल्यात पक्षकार दोनच होते, सरकार आणि संघटना. गच्चीवर दांडा फिरवणारा माणूस तिसरा होता. त्याची बाजू मांडायला कुणी नव्हते.

त्याच सुमारास जगभर हेच चालले होते. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कामगार वस्त्यांचा खेळ असलेली रग्बी लीग एप्रिल 1995 मध्ये माध्यमसम्राट मरडॉकच्या स्काय वाहिनीने 8 कोटी 70 लाख पौंडांच्या कराराने घेतली. पैशासाठी हंगामसुद्धा हिवाळ्यातून उन्हाळ्यात नेला गेला. ऑस्ट्रेलियात याच खेळावरून मरडॉक आणि त्यांचे प्रतिस्पर्धी यांच्यात दोन-तीन वर्षे उघड युद्ध झाले. पण त्या दोन्ही देशांत एक कुंपण होते. ऑस्ट्रेलियाने 1992 च्या कायद्यात आणि ब्रिटनने 1996 च्या कायद्यात ठराविक मोठे सामने फुकटच्या वाहिन्यांसाठी राखून ठेवले होते. भारताला असे कुंपण घालायला आणखी दहा वर्षे लागली.

मधली दहा वर्षे केबलची. 1991 च्या आखाती युद्धात सीएनएन दिसले, त्याच वर्षी स्टार आले, ऑक्टोबर 1992 मध्ये झी. शहरातल्या कुणीतरी मोठी छत्री घेतली, विजेच्या खांबांवरून वायर ओढली आणि तो गल्लीचा केबलवाला झाला. बिदर-गुलबर्ग्याच्या मराठी घरांना केबलने आणखी एक गोष्ट दिली, आणि तिचे मोल पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणे अवघड आहे. मनोऱ्यावरून येई ते दिल्लीचे हिंदी किंवा बंगळूरचे कन्नड. मराठी बातमी, मराठी मालिका, मराठी गाणे रोज घरात आले ते केबलच्या वायरीतून. 1999 मध्ये अल्फा मराठी सुरू झाल्यावर तर ठळकपणे. त्यामुळे ज्या घराला परवडले त्याने केबल आनंदाने घेतली. महिन्याचे भाडे भरले की मराठीही मिळे आणि क्रिकेटही. सामन्यासाठी वेगळे पैसे जात आहेत हे जाणवतही नव्हते. पैशाच्या वाहिन्यांनी गावात पाऊल टाकले ते असे, भाषेच्या सोबतीने.

1996 चा विश्वचषक विकला तो बंगळूरमध्ये जन्मलेल्या मार्क मस्करेन्हास यांच्या वर्ल्डटेलने. ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्स या खेळाच्या स्वतंत्र वाहिन्या स्थिरावल्या. 1997 मध्ये दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती अस्तित्वात आली आणि 1999 नंतर पाच वर्षे देशातल्या सामन्यांचे हक्क तिच्याकडेच राहिले, म्हणून तोवर अँटेनावाल्याचे निभावले. परदेशातल्या मालिकांनी मात्र ओढाताण सुरू केली होती.

मार्च 2004 मध्ये भारताचा संघ पाकिस्तानात गेला. असा पूर्ण दौरा कित्येक वर्षांनी होत होता. दुबईच्या टेन स्पोर्ट्सकडे हक्क होते आणि दूरदर्शनला चित्र द्यायला ती वाहिनी तयार नव्हती. मद्रास उच्च न्यायालयात नागरिकांनी याचिका केल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. टेन स्पोर्ट्सने आपल्या बोधचिन्हासह आणि जाहिरातींसह चित्र दूरदर्शनला द्यावे आणि प्रसार भारतीने 50 कोटी रुपये अनामत भरावेत, असा आदेश झाला. सेहवागच्या मुलतानच्या 309 धावा म्हणूनच केबल नसलेल्या घरातही पोचल्या.

दरवेळी न्यायालयात धावत जाणे सरकारला नको होते. नोव्हेंबर 2005 मध्ये राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनला देण्याचे बंधन मार्गदर्शक तत्त्वांत घातले गेले. लगेच 2006 मध्ये मंडळाने देशातल्या सामन्यांचे चार वर्षांचे हक्क निंबस कंपनीला 61 कोटी 20 लाख डॉलरना विकले. एवढी रक्कम मोजणारा फुकट वाटप कशाला करील? जानेवारी 2007 मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला. 21 तारखेला नागपूरला पहिला सामना झाला, गांगुली 98 वर बाद झाला आणि भारताने 338 धावा उभारल्या. निंबसच्या निओ स्पोर्ट्सवर तो दिसला. दूरदर्शनला थेट चित्र मिळालेच नाही. विदर्भाच्या मैदानावरचा सामना विदर्भातल्याच अँटेनावर दिसू नये, याचा संताप साहजिक होता. दिल्ली उच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला : दूरदर्शनला चित्र द्यावे, पण सात मिनिटे उशिराने.

या सात मिनिटांइतकी नेमकी रेघ दुसऱ्या कशानेच ओढली नसती. एकाच गल्लीत केबलच्या घरातून जल्लोष उठायचा, आणि अँटेनाच्या घरातला पोरगा आपल्या पडद्यावर जवळजवळ दोन षटके मागे असायचा. गडी बाद झाला की षटकार गेला, हे त्याला शेजारच्या आवाजावरून ओळखावे लागे. फुकटचा प्रेक्षक दुय्यम आहे हे तोपर्यंत कुणी इतक्या उघडपणे सांगितले नव्हते.

माहिती-प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी वेळ घालवला नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अध्यादेश निघाला आणि मार्च 2007 मध्ये संसदेने कायदा केला. हक्क कुणीही घेवो, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट चित्र प्रसार भारतीला द्यावेच लागेल. जाहिरातींच्या उत्पन्नातले 75 टक्के हक्कधारकाला, 25 टक्के प्रसार भारतीला. क्रिकेटमध्ये भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने, सरकार ठरवील ते कसोटी सामने, आणि विश्वचषकाचे उपांत्य व अंतिम सामने यादीत आले. पुढच्या वर्षी सुरू झालेली आयपीएल या चौकटीत बसत नव्हती. ती पहिल्या दिवसापासून पैशाच्या वाहिनीची राहिली.

कायदा चांगला होता आणि काही वर्षे त्याने काम केले. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर धोनीने षटकार मारला तो अँटेनावरही दिसला. पण कायद्याने एक गोष्ट गृहीत धरली होती. चित्र प्रसार भारतीला दिले की ते जनतेला मिळाले, हे ते गृहीतक. 2007 मध्ये ते बव्हंशी खरे होते, कारण केबलवाल्यावर दूरदर्शन दाखवण्याचे बंधन होते आणि केबलवरही सामना दूरदर्शनवरून दिसायचा. तिथेच हक्कधारकांचे दुखणे होते. केबलच्या घरात दूरदर्शनवर सामना दिसत असेल तर आमच्या वाहिनीचे पैसे कोण भरणार? आकडेही वाढत चालले होते. निंबसशी करार मोडल्यावर 2012 मध्ये स्टारने देशातले सामने 3,851 कोटींना घेतले, 2018 मध्ये 6,138 कोटींना. मंडळ आणि स्पोर्ट्स वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात जिंकल्या, आणि 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. रंजन गोगोई आणि न्या. नवीन सिन्हा यांच्या खंडपीठाने तो निकाल कायम केला. वाटून मिळालेले चित्र प्रसार भारतीने फक्त स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या डीटीएच सेवेवरून दाखवावे. केबलवर आणि खासगी डीटीएचवर नाही.

कायद्याच्या शब्दाप्रमाणे हे बरोबर असेल. सीमाभागातल्या घरात त्याचा अर्थ असा झाला : ज्याने पंधरा-वीस वर्षे प्रामाणिकपणे केबलचे भाडे भरले, त्याच्या डब्यावरच्या दूरदर्शनवर सामन्याच्या वेळी दुसराच कार्यक्रम. सामना हवा तर स्पोर्ट्स वाहिनीचे पैसे वेगळे. 2019 च्या सुरुवातीला नवी दरपद्धत आली, वाहिन्या सुट्या निवडायच्या ठरल्या, आणि मराठी वाहिन्या घ्यायच्या की खेळाच्या, असा हिशेब अनेक घरांना पहिल्यांदा करावा लागला. पूर्वी दोन्ही एकाच वायरीतून एकत्र येत असत. बंगळूरच्या मध्यमवर्गीय घरात हा हिशेब काही रुपयांचा. आळंदच्या शेतमजुराच्या घरात तो महिन्याच्या रिचार्जचा.

मनोरे आणि डीटीएच या दोनच वाटा न्यायालयाने मोकळ्या ठेवल्या होत्या. त्यातली पहिली प्रसार भारतीनेच बंद केली. देशभरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने थांबवायचे ठरले आणि 2022 च्या मार्चपर्यंत ते जवळजवळ संपवायचे होते. त्या यादीत गुलबर्ग्याचा, म्हणजे 2014 नंतरच्या कलबुर्गीचा मनोराही होता. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्रच बंद पडणार अशा बातम्या आल्या, लोक अस्वस्थ झाले. सिलचर, कलबुर्गी ही केंद्रे बंद होणार नाहीत, त्यांचे कार्यक्रम राज्याच्या वाहिनीवर आणि यूट्यूबवर दिसतील, असा खुलासा प्रसार भारतीला करावा लागला. खुलासा खराच होता. कार्यक्रम राहिले, प्रक्षेपण गेले. ‘साईट’च्या मागास जिल्ह्यासाठी उभा राहिलेला मनोरा मुका झाला आणि त्याबरोबर 2007 च्या कायद्याने ज्याच्यासाठी कुंपण घातले होते तो अँटेनावाला प्रेक्षकही संपला. मुंग्या आणणारे जुने तंत्र टिकवण्यात पैसा घालणे शहाणपणाचे नव्हते, हे मान्य. पण तो निर्णय घेताना या कायद्याचा, त्यातल्या वाटेचा विचार कुणी केल्याचे दिसत नाही.

उरली एक वाट, डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेली आणि आता फ्री डिश या नावाने ओळखली जाणारी सेवा. छत्री आणि डबा एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचे भाडे नाही. देशातल्या चार कोटींहून अधिक घरांत ती आहे, असा अंदाज सांगितला जातो. बिदर-कलबुर्गीच्या खेड्यांत आज फुकट क्रिकेट उरले असेल तर ते इथेच. 1975 मध्ये जाळीची छत्री सरकारने गावाला दिली होती. आता लहान पत्र्याची छत्री ज्याची त्याने घ्यायची.

मोबाइलने मध्येच वेगळी आशा दाखवली. 2022 मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क 48,390 कोटींना गेले, त्यात डिजिटल हक्क वायाकॉम-18 कडे. 2023 चा हंगाम त्यांनी जिओसिनेमावर सगळ्यांना फुकट दाखवला, कन्नड आणि मराठी समालोचनासह. भालकीच्या बसस्थानकावर बसलेल्या पोराला सामना आपल्या बोलीत, पैसे न देता, हातात मिळाला. दोन वर्षे हे टिकले. फेब्रुवारी 2025 मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले आणि सामना पुन्हा वर्गणीच्या किंवा ठराविक रिचार्जच्या पलीकडे गेला. कंपनीने फुकट दिले होते ते गिऱ्हाईक जोडायला. ते देण्याचे बंधन तिच्यावर कधीच नव्हते, कारण 2007 चा कायदा टीव्ही आणि रेडिओ समोर ठेवून लिहिलेला आहे. त्यातली वाटणी प्रसार भारतीच्या मनोऱ्यापाशी आणि छत्रीपाशी थांबते.

मोबाइलची नसली तरी केबलच्या घरांची फट सरकारला दिसली नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वर्षभराने, ऑक्टोबर 2018 मध्ये माहिती-प्रसारण मंत्रालयाने दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला. वाटून मिळालेले चित्र दूरदर्शनच्या वाहिन्यांवरून केबल आणि खासगी डीटीएचच्या घरांतही दिसावे, एवढेच त्यात होते. हक्कधारक वाहिन्यांचा त्याला विरोध होता. त्या मसुद्याचा कायदा झालेला नाही.